नाशिकमध्ये एक्स-रे टेक्निशियन म्हणून कामाला लागताना: कोर्सपासून पहिल्या नोकरीपर्यंत

बारावी सायन्स झाली, नीटचे मार्क कमी पडले आणि नात्यातल्या कुणीतरी सांगितलं, 'एक्स-रेचा कोर्स कर, नोकरी पटकन लागते.' बरीचशी मुलंमुली याच वाटेनं या कामात येतात. त्यात वावगं काही नाही. फक्त नोकरी लागली म्हणजे काम आलं, असं समजू नका. मशीनची बटणं महिनाभरात कळतात. दुखऱ्या, घाबरलेल्या माणसाला नीट उभं करणं, नीट झोपवणं आणि पहिल्याच एक्स्पोजरमध्ये, म्हणजे पहिल्यांदा किरण सोडतानाच, डॉक्टरांच्या उपयोगाचा फोटो काढणं, याला वर्ष-दीड वर्ष लागतं. ते वर्ष तुम्ही कुठे आणि कोणाच्या हाताखाली काढता, यावर पुढचं बरंच काही ठरतं. म्हणून हा लेख पगारापेक्षा त्या पहिल्या वर्षाबद्दल जास्त आहे.

कोर्स निवडताना

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशकातच आहे, म्हसरूळला, दिंडोरी रोडवर. १९९८ सालापासून राज्यभरातली वैद्यकीय शिक्षणाची कॉलेजं त्याला जोडलेली आहेत. त्यामुळे पालकांना वाटतं की मुलगा-मुलगी विद्यापीठातच शिकायला जाणार. तसं नसतं. शिक्षण होतं ते संलग्न कॉलेजात आणि त्या कॉलेजच्या हॉस्पिटलात. विद्यापीठाचा बीपीएमटी (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) हा पदवी कोर्स आहे, त्यात रेडिओग्राफीची शाखा आहे. त्याशिवाय रेडिओलॉजी आणि इमेजिंगची बीएस्सी आहे आणि डिप्लोमेही आहेत. रेडिओथेरपी हा वेगळा रस्ता आहे. तिथे किरणांनी कॅन्सरवर उपचार करतात, निदान नाही. प्रवेश घेतानाच हा फरक विचारून घ्या.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत आणि लॅब दाखवतील. तुम्ही हॉस्पिटल बघा. स्वतःचं हॉस्पिटल आहे का? एक्स-रेच्या खोलीबाहेर रांग आहे का? आणि विद्यार्थ्याला पेशंटला हात लावू देतात की कोपऱ्यात उभं करून नुसतं बघायला लावतात? हा शेवटचा प्रश्न ऑफिसात विचारू नका. गेटबाहेर चहाला आलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, खरं उत्तर तिथेच मिळतं.

'सहा महिन्यांत एक्स-रे टेक्निशियन, शंभर टक्के नोकरी' असे फलक शहरात दिसतात. त्यांच्यापासून लांब राहा. याचं कारण नुसतं दर्जाचं नाही. एक्स-रे मशीन चालवायला हॉस्पिटलला अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे आपण सगळे म्हणतो त्या एईआरबीची, परवानगी लागते. तो अर्ज 'ई-लोरा' या त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर होतो आणि मशीन चालवणारा माणूस कोण, त्याचं शिक्षण काय, हे त्यात दाखवावं लागतं. तुमचं सर्टिफिकेट मान्य नसेल तर मालक तुम्हाला कागदावर दाखवूच शकत नाही. मग काम तुम्ही करता आणि नाव दुसऱ्याचं लागतं. तुमच्या नावाचा डोस मोजणारा बॅजही येत नाही. उद्या काही झालं तर तुम्ही त्या खोलीत होता, याचा पुरावाच नसतो.

कोर्स संपला की महाराष्ट्र परावैद्यक परिषदेच्या नोंदणीचं बघा. केंद्रानं २०२१ साली सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यामुळे पुढच्या काळात नोंदणी आणि मान्य अभ्यासक्रम या दोन्हींना वजन येणार आहे. मार्कशीट, इंटर्नशिपचं सर्टिफिकेट, शाळा सोडल्याचा दाखला, नावात बदल असेल तर गॅझेट, हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींची कामं याच कागदांवरून अडतात.

पहिली नोकरी कुठे धरायची

नाशकात सरकारी बाजूला त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, आणि शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय आहे. महापालिकेची झाकीर हुसेन आणि नाशिक रोडचं बिटको. आडगावला डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेज आहे. खासगीत मुंबई नाका, गंगापूर रोड, कॉलेज रोड, शरणपूर रोड या पट्ट्यात हॉस्पिटलं आणि डायग्नोस्टिक सेंटरं खच्चून भरलेली आहेत.

नव्या मुलांचा ओढा चकचकीत एमआरआय सेंटरकडे असतो. एसी खोली, खुर्चीवर बसून काम, युनिफॉर्म छान. माझं स्पष्ट मत आहे की पहिलं वर्ष तिथे घालवू नका. जिथे ऑर्थोपेडिक आणि मेडिसिन दोन्ही चालतं, कॅज्युअल्टी आहे, पोर्टेबलसाठी, म्हणजे मशीन खाटेजवळ नेऊन फोटो काढायला, आयसीयूत जावं लागतं आणि डोक्यावर एक खडूस पण शिकवणारा सिनिअर आहे, अशी जागा धरा. दोन-तीन हजार कमी मिळाले तरी चालतील. साध्या एक्स-रेवर हात बसलेला माणूस पुढे सीटी आणि एमआरआय सहज शिकतो. उलटं होत नाही. एमआरआयवर चार वर्षं काढलेल्या माणसाला मोडलेल्या खुब्याचा क्रॉस-टेबल लॅटरल, म्हणजे आडव्या पेशंटचा बाजूनं घेतलेला फोटो, काढायला सांगा, फरक लगेच दिसतो.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. टीएलडी बॅज, म्हणजे तो डोस मोजणारा बॅज, माझ्या नावाचा कधी येईल? मशीनचं एईआरबी लायसन्स चालू आहे ना? आरएसओ, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, कोण आहेत? विचारताना आवाज नम्र ठेवा, पण विचाराच. एका ठिकाणी मला उत्तर मिळालं होतं, 'आधी सहा महिने काम बघू, मग बॅजचं बघू.' मी ती नोकरी घेतली नाही. तुम्हीही घेऊ नका. बॅज हे काही दिवाळीचं बक्षीस नाही, खोलीत पाऊल टाकायच्या आधी तो छातीवर असायला हवा.

पहिला आठवडा: खोली ओळखा

पेशंटला हात लावण्याआधी खोली समजून घ्या. दरवाज्याला शिसं आहे का, तो पूर्ण बंद होतो का, बाहेरचा लाल दिवा एक्स्पोजरच्या वेळी लागतो का, रेडिएशनचं चिन्ह आणि 'गरोदर असल्यास आधी सांगा' ही पाटी मराठीत आहे का. कंट्रोल पॅनल शिशाच्या आडोशामागे आहे का आणि तिथून काचेतून पेशंट दिसतो का. पेशंट दिसत नसेल तर तो शेवटच्या क्षणी हलला हे तुम्हाला कळणारच नाही.

सकाळी मशीन चालू केल्यावर थेट मोठं एक्स्पोजर देऊ नका. किरण सोडणारी ट्यूब गार असते. कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे वॉर्म-अप द्या, नाहीतर एकदम तापून आतल्या धातूच्या चकतीला, म्हणजे अ‍ॅनोडला तडा जाऊ शकतो. भिंतीवर टेक्निक चार्ट असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. नसेल तर सिनिअरला विचारून स्वतःच्या वहीत तयार करा: कोणता भाग, केव्ही (किरणांचा जोर) किती, एमएएस (किरणांचं प्रमाण) किती, अंतर किती, ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) लावायची की नाही. दुसऱ्या हॉस्पिटलचा चार्ट इथे जसाच्या तसा चालत नाही, कारण मशीन वेगळं आणि फोटो टिपणारा डिटेक्टर वेगळा.

सीआर आणि डीआर, म्हणजे फिल्मऐवजी फोटो कॉम्प्युटरवर दाखवणाऱ्या पद्धती, आल्यापासून एक खोड लागली आहे. फिल्मच्या काळात एक्स्पोजर जास्त झालं की फोटो काळाठिक्कर यायचा आणि लगेच कळायचं. आता सॉफ्टवेअर सगळं सावरून घेतं. एक्स्पोजर कमी पडलं तर फोटो दाणेदार दिसतो, म्हणून माणूस 'थोडं जास्तच देऊ' म्हणत आकडे चढवत जातो. फोटो छान दिसतो आणि पेशंट फुकट जास्त किरणं घेतो. स्क्रीनवर एक्स्पोजर इंडेक्स, म्हणजे डिटेक्टरवर किती किरण पोचले त्याचा आकडा, येतो, तो रोज बघायची सवय पहिल्या आठवड्यातच लावा.

एक छातीचा फोटो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

दिवसभरातलं सगळ्यात जास्त काम छातीचंच असतं. तेव्हा तेच सावकाश बघू. समजा पेठहून साठीच्या पुढच्या एक आजी आल्या आहेत, सोबत सून आहे. दोन महिने खोकला, डॉक्टरांनी छातीचा फोटो सांगितलाय.

आधी चिठ्ठी वाचा. नाव मोठ्यानं विचारा, पण 'तुम्ही सखुबाई ना?' असं नाही. 'आजी, नाव काय तुमचं?' असं विचारा. ऐकू कमी येणारं माणूस कुठल्याही नावाला मान हलवतं. वय, भाग, बाजू बघा. दोन महिने खोकला असेल तर आजींना मास्क द्या, स्वतःही लावा, गर्दीत बसवून ठेवू नका.

मग अंगावरचं. गळ्यातली माळ, ताईत, ब्लाउजचे हूक, पिना, आणि केसांची वेणी. वेणी पाठीवर तशीच राहिली तर फुप्फुसाच्या वरच्या टोकाला, नेमकं टीबी जिथे शोधायचा तिथे, सावली पडते. वेणी वर बांधायला सांगा. डिसेंबर-जानेवारीत निफाड-सिन्नरकडची माणसं अंगावर तीन-तीन कपडे घालून येतात, आत चेनचा स्वेटर असतो. तोही काढावा लागतो, म्हणून त्या दिवसांत गाऊन जाड ठेवा आणि दार लावून घ्या.

मंगळसूत्राचं नीट समजून घ्या. 'काढा ते' असं तुटकपणे म्हटलं की बाई गप्प होते किंवा चिडते, आणि दोन्हीत फोटो बिघडतो. 'मावशी, मणी फोटोत डाग दिसतात, डॉक्टरांना कळत नाही. सूनबाईंच्या हातात द्या, फोटो झाला की लगेच घाला,' एवढं सांगितलं तर क्वचितच कोणी नाही म्हणतं. दागिना स्वतःच्या हातात किंवा खिशात कधीही घेऊ नका. तो घरच्या माणसाच्याच हातात जाऊ द्या.

आता उभं करणं. छाती डिटेक्टरला टेकलेली, हनुवटी वर, हात कमरेवर उलटे ठेवून कोपरं पुढे ढकललेली. कोपरं पुढे का? तर खांद्याच्या फऱ्याचं हाड फुप्फुसावरून बाजूला सरकतं. ट्यूब १८० सेंटीमीटर लांब. लांब ठेवतो कारण जवळून काढलं तर हृदय खऱ्यापेक्षा मोठं दिसतं. पाठीकडून किरण जातो आणि हृदय डिटेक्टरला चिकटलेलं असतं, तेही त्याचसाठी. उजव्या-डाव्याचा शिशाचा मार्कर कोपऱ्यात लावा. कॉम्प्युटरवर नंतर अक्षर टाकता येतं, तरी शिशाचाच मार्कर लावा. घाईत उलटा फोटो पलटवला गेला तर तोच तुम्हाला वाचवतो.

श्वास. 'दीर्घ श्वास घेऊन रोखून धरा' हे पुस्तकी वाक्य पेठ-सुरगाण्याकडच्या आजींना नाही पोचत. 'मोठा दम घ्या, आता धरून ठेवा, सोडू नका,' असं म्हणा आणि स्वतः करून दाखवा. एकदा कोरडा सराव घ्या. त्यांचे खांदे वर जातायत की छाती फुगतेय, ते बघा. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले बिहार-यूपीचे कामगार येतात, त्यांच्यासाठी हिंदीतलं तेच वाक्य तयार ठेवा. एक्स्पोजरच्या बटणाला दोन टप्पे असतात: अर्धं दाबलं की ट्यूबमधला अ‍ॅनोड फिरायला लागतो, पूर्ण दाबलं की किरण निघतो. दम भरायला सांगतानाच अर्धं दाबून ठेवा, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला फार वेळ श्वास धरावा लागत नाही.

मग लगेच 'सोडा आता' म्हणायला विसरू नका. गंमत वाटेल, पण न सांगितल्यामुळे दम धरून उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

फोटो स्क्रीनवर आला की आजींना लगेच जाऊ देऊ नका. फुप्फुसाची दोन्ही वरची टोकं आणि खालचे दोन्ही कोपरे आत आहेत का? छाती-पोटामधल्या स्नायूच्या पडद्याच्या वर मागच्या नऊ-दहा फासळ्या मोजता येतात का? दोन्ही गळपट्टीच्या हाडांची आतली टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर आहेत का? नसतील तर पेशंट तिरका उभा होता आणि एका बाजूचं फुप्फुस खोटंच पांढरं दिसणार. एवढं बघायला अर्धा मिनिट लागतो. नाही बघितलं आणि आजी सीबीएसला जाऊन पेठची एसटी धरून निघून गेल्या, तर रिपीटसाठी त्यांचा एक अख्खा दिवस, सुनेची मजुरी आणि जाण्यायेण्याचं भाडं जातं. त्या परत येतीलच असंही नाही, आणि मग टीबी तसाच राहतो.

मार लागलेला पेशंट

मुंबई-आग्रा हायवेचे अपघात, एमआयडीसीत प्रेसखाली सापडलेले हात, द्राक्षबागेत मांडवाचं काम करताना पडलेली माणसं. नाशिकच्या कॅज्युअल्टीत हे रोजचं आहे.

नियम एकच लक्षात ठेवला तरी बरंच साधतं: पेशंटला हलवू नका, ट्यूब हलवा. मानेला मार असेल तर कॉलर काढायची नाही, डॉक्टर सांगेपर्यंत मान वळवायची नाही. आडव्या पेशंटच्या बाजूनं किरण मारून लॅटरल घ्यायचा. खुब्याचंही तसंच. हाताचं-पायाचं हाड मोडलं असेल तर दोन फोटो, एकमेकांना काटकोनात, कारण समोरून सरळ दिसणारं हाड बाजूनं पाहिल्यावर सरकलेलं निघू शकतं. आणि वरचा-खालचा सांधा फोटोत आला पाहिजे. नळीच्या हाडाचा मधलाच तुकडा काढून दिलात तर सर्जन तुम्हाला परत बोलावणारच.

स्प्लिंट, रक्ताळलेलं फडकं, बांधलेली काठी स्वतःच्या मनानं सोडू नका. ते काढायचं की नाही हे कॅज्युअल्टीचे डॉक्टर ठरवतात.

पोटात दुखतंय आणि पोटाचा उभ्यानं काढायचा फोटो, म्हणजे 'इरेक्ट अ‍ॅब्डोमेन' सांगितलंय, तर पेशंटला आधी पाच-दहा मिनिटं बसतं किंवा उभं ठेवायला हवं. आतडं फुटलं असेल तर हवा वर सरकून पडद्याखाली जमायला तेवढा वेळ लागतो. स्ट्रेचरवरून उचलून लगेच काढलेला फोटो नॉर्मल दिसू शकतो, आणि तोच फार घातक असतो. अशी हवा दिसली, छातीत फुप्फुस आक्रसलेलं दिसलं, तर फिल्म फाइलमध्ये घालून पाठवू नका. स्वतः चालत जाऊन किंवा फोन करून डॉक्टरांना सांगा.

नातेवाईक विचारणारच, 'साहेब, काय आलं फोटोत?' तुम्हाला दिसलं असलं तरी निदान सांगायचं नाही. 'फोटो चांगला निघालाय, डॉक्टर बघून सांगतील, मी लगेच पाठवतो,' एवढंच. कोरडं 'माहीत नाही' म्हणू नका, त्यानं माणूस आणखी घाबरतो.

लहान मूल धरायचं असेल तर आईला किंवा बाबांना शिशाचा लेड अ‍ॅप्रन देऊन धरायला लावा. आधी आई गरोदर नाही ना, हे विचारा. तुम्ही स्वतः धरायचं नाही, आयाबाईनंही नाही. आईबाप एकदा धरतात, तुम्ही रोज धराल.

किरणांपासून स्वतःला आणि इतरांना जपणं

शास्त्रज्ञ रोंटगेननं ८ नोव्हेंबर १८९५ ला क्ष-किरण शोधले. म्हणूनच ८ नोव्हेंबरला जागतिक रेडिओग्राफी दिवस असतो. सुरुवातीच्या काळात काम करणाऱ्या कितीतरी जणांचे हात किरणांनी भाजले, बोटं कापावी लागली, काही कॅन्सरनं गेले. आज आपण सुरक्षित आहोत ते त्यांच्यामुळे झालेल्या नियमांनी.

आपल्याकडे कामगारासाठी मर्यादा अशी आहे: सलग पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य माणसासाठी वर्षाला १. तुलनेला, एका छातीच्या फोटोत पेशंटला मिलिसीव्हर्टचा फार छोटा भाग, ०.१ च्या आतच, मिळतो. पोटाच्या सीटीत आठ-दहाच्या आसपास. नियमानं वागणाऱ्या एक्स-रे टेक्निशियनचा वर्षाचा डोस मर्यादेच्या बराच खाली राहतो. तेव्हा 'या लाइनमध्ये मूल होत नाही' वगैरे जे ऐकवतात ते डोक्यातून काढा. भीती नको, शिस्त हवी.

टीएलडी बॅज छातीवर, अ‍ॅप्रनच्या आत लावायचा. दर तीन महिन्यांनी बदलतो. दुसऱ्याचा लावायचा नाही, स्वतःचा द्यायचा नाही. स्वतःचा एक्स-रे काढायचा असेल तर काढून ठेवायचा. आणि सगळ्यात नेहमी होणारी गोष्ट: ड्युटी संपली, अ‍ॅप्रन खोलीतच खुंटीला अडकवला, बॅज त्यालाच राहिला. दुसऱ्या शिफ्टचं सगळं एक्स्पोजर त्या बॅजवर चढतं, तीन महिन्यांनी मोठा आकडा येतो आणि खुलासे लिहीत बसावं लागतं. बॅज किरण नसलेल्या जागी, तुलनेसाठी ठेवलेल्या, कोणी न लावायच्या कंट्रोल बॅजसोबतच ठेवा. अ‍ॅप्रन घडी घालून खुर्चीवर टाकू नका. आतल्या शिशाला चिरा पडतात आणि बाहेरून दिसत नाहीत. रुंद हँगरवर टांगा, आणि वर्षातून एकदा अ‍ॅप्रनचाच एक्स-रे काढून चिरा तपासा.

आयसीयूत पोर्टेबल काढताना निदान दोन मीटर लांब उभं राहा, एक्स्पोजरची वायर तेवढी लांब असायलाच हवी. अंतर दुप्पट केलं की डोस चौथा हिस्सा होतो. आधी मोठ्यानं 'एक्स-रे!' म्हणा, सिस्टरना बाजूला व्हायला वेळ द्या.

ऑपरेशन थिएटरमधला सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना स्क्रीनवर एक्स-रे दाखवणारं मशीन, हा ऑर्थोपेडिक हॉस्पिटलात तुमच्या गळ्यात पडणारच. तिथे किरण मुख्यतः पेशंटच्या अंगावरून विखुरतात. भिंतीवर टॉर्च मारला की उजेड जसा खोलीभर पसरतो, तसंच. म्हणून ट्यूब टेबलच्या खाली, डिटेक्टर वर आणि पेशंटच्या जितका जवळ तितका बरा. लॅटरल घेताना डिटेक्टरच्या बाजूला उभं राहा, ट्यूबच्या बाजूला नाही. गळ्याला थायरॉइड कॉलर. सर्जननं किरण सोडायच्या पेडलवर पाय तसाच ठेवला तर 'सर, इमेज सेव्ह आहे, स्क्रीनवर ठेवलीये' असं हळूच सांगायला शिका. बहुतेक सर्जन पाय काढतात.

बाईमाणसाला पाळीबद्दल विचारणं टाळू नका. मात्र सासू आणि दीर शेजारी उभे असताना विचारलंत तर खरं उत्तर येणार नाही. आत घेऊन, दार लावून, 'ताई, पाळी कधी आली होती? दिवस गेले असायची शक्यता आहे का?' असं सरळ विचारा. पुरुष टेक्निशियन असाल तर सिस्टरला सोबत बोलवा. शंका असेल तर फोटो थांबवून डॉक्टरांना कळवा. आणि टेक्निशियन मुलींनो, तुम्हाला स्वतःला दिवस गेले तर लाजून लपवू नका. कळवलंत की उरलेल्या गरोदरपणात बाळाला १ मिलिसीव्हर्टच्या वर डोस जाणार नाही अशा पद्धतीनं काम बदलून देणं हॉस्पिटलवर बंधनकारक आहे.

सीटी आणि एमआरआयकडे जाताना

सीटीत पहिलं शिकायचं ते रात्री येणारा लकव्याचा पेशंट. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही ना हे साध्या, बिनाकॉन्ट्रास्ट (फोटोत उठून दिसणारं औषध शिरेतून न देता काढलेल्या) सीटीत बघतात. त्या वेळी नाव नोंदवत बसू नका, टेबल तयार ठेवा. कॉन्ट्रास्ट द्यायचं असेल तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), आधीची अ‍ॅलर्जी, दमा, डायबेटिसवरची मेटफॉर्मिनची गोळी, सगळं विचारा. अॅलर्जीचा झटका आला तर लागणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनची ट्रे कुठे आहे हे डोळे झाकून सांगता आलं पाहिजे.

एमआरआयमध्ये किरण नाहीत, पण धोका कमी नाही. १.५ टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसेक हजार पट असतं, आणि ते रात्री, सुट्टीला, लाइट गेले तरी चालूच असतं. साधा ऑक्सिजन सिलिंडर आत गेला तर तो तोफगोळ्यासारखा ओढला जातो. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत अशाच अपघातात पेशंटसोबत आलेल्या एका तरुणाचा जीव गेला. म्हणून दाराशी तुम्हीच उभे राहा. वॉर्डबॉय घाईत असो की मोठे डॉक्टर असोत, स्टेथोस्कोप, कात्री, मोबाइल, सिलिंडर, काही आत जाऊ देऊ नका. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट हे विचारालच. नाशकात आणखी एक विचारा: 'लेथवर, ग्राइंडिंगवर, वेल्डिंगवर काम केलंय का? डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?' सातपूर-अंबडमध्ये असे हजारो कामगार आहेत. शंका असेल तर आधी डोळ्यांचा साधा एक्स-रे.

सोनोग्राफीबद्दल नीट ऐका. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा १९९४ चा आहे आणि सोनोग्राफी करायचा अधिकार त्यात सांगितलेल्या पात्र डॉक्टरांनाच आहे. 'मॅडम येईपर्यंत जरा प्रोब लावून बघ' असं कोणीही म्हटलं तरी लावायचा नाही. एफ फॉर्म (गरोदर बाईच्या सोनोग्राफीची कायदेशीर नोंद) भरायचं काम तुमच्याकडे आलं तर एकही रकाना रिकामा सोडू नका.

सरकारी जागा आणि नोकरी बदलणं

आरोग्य विभागात क्ष-किरण तंत्रज्ञ, क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी अशी पदं निघतात. महापालिका आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जाहिरातीही येतात. जाहिरातीतली शैक्षणिक अट अक्षरन् अक्षर वाचा, तुमच्या डिप्लोम्याचं नाव त्यात बसतं का ते बघा. २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. गर्दीच्या दिवसांत इथल्या हॉस्पिटलांवर ताण येणारच, तेव्हा पोर्टेबल आणि ट्रॉमाचा हात आत्ताच तयार करून ठेवा.

खासगीतून निघताना अनुभवाचं पत्र लेटरहेडवर, तारखांसकट आणि कोणत्या मशीनवर काम केलं ते लिहून घ्या. बॅज परत करा आणि आतापर्यंतच्या डोसच्या नोंदीची प्रत मागा. तुमचा टीएलडी नंबर आयुष्यभर तोच राहतो. नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी तो सांगा, म्हणजे नवा नंबर निघून नोंदी दोन जागी फुटणार नाहीत. ही प्रत देताना काही ठिकाणी 'कशाला हवी?' म्हणतात. ती तुमच्या शरीराची नोंद आहे. मिळेपर्यंत मागत राहा, जमल्यास लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या.